वाटेत जन्मलेल्या इंदूताईंना

इंदूताई, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले आणि येत्या रविवारी आपलं व्याख्यान आहे. 'आपलं' हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. मंडळाच्या चिटणिसांनी निरोप पाठवला होता की आता रद्द करायचं असेल तर कोणी काही म्हणणार नाही. मी उलट निरोप पाठवला, की मीच म्हणेन. 'ताऱ्यांपर्यंतचा प्रवास आणि तिथले शेजारी' असा कागद कलकत्त्यातल्या झाडून साऱ्या मराठी घरांत गेला आहे. त्यावर तुमचं नाव आधी आहे, माझं नंतर, आणि तो क्रम मला बदलायचा नाही. अडचण एकच आहे. आपल्या लेखात माझं एक वाक्य आहे. ते रविवारी वाचायचं की नाही हे तुम्हाला विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नाही. म्हणून ही वही घेऊन बसले आहे.

आपली ओळख मंडळाच्या गणपतीतली. यांची कोचीनहून खिदिरपूरच्या कस्टममध्ये बदली झाली होती. मी शहरात नवी, भाषा येत नाही, तोंडाला कुलूप. तुम्ही पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या होतात, खांद्याला शबनम, चश्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवता असं कोणीतरी सांगितलं. मी अदबीनं म्हटलं, "तुम्ही कुठे राहता?" तर तुम्ही हसायलाच लागलात.

"इथे असं 'तुम्ही तुम्ही' म्हणालीस तर लोक म्हणतील, या दोघी जुन्या मैत्रिणी!"

मग समजावून सांगितलंत. बंगालीत परक्याला 'आपनि' आणि जवळच्याला 'तुमि'. पुढे तुम्ही कितीदा सांगितलंत, अगं, मला 'तू' म्हण, पंधरा वर्षांनीच तर मोठी आहे. मी ऐकलं नाही. मराठीतला मान आणि बंगालीतली जवळीक एकाच शब्दात मिळत असताना तो शब्द कोण सोडेल? आताही सोडत नाही.

तुमचे आजोबा रत्नागिरीकडून निघून इथल्या एका छापखान्यात नोकरीला लागले. तुमचे वडील इथे वाढले, तुम्ही भवानीपूरच्या त्याच घरात जन्मलात आणि तिथूनच गेलात. घरात मराठी होती, पण तिला बंगालचं पाणी लागलेलं. बंगालीत स्त्रीलिंग-पुल्लिंगाची कटकट नाही, त्यामुळे तुमचं व्याकरण सुखात होतं. "तो पृथ्वी स्वतःभोवती फिरतो," असं तुम्ही एकदा ठासून सांगितलंत आणि मी फिस्सकन हसले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "फिरतो ना? मग झालं."

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं हे तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही 'अरेरे' म्हणाला नाहीत. "प्रकाशाचा वेग किती?" असं विचारलंत. मी सांगितला. "मग काहीच विसरली नाहीस. रविवारी ये." मी घाबरत म्हटलं, "आता इतक्या वर्षांनी मला जमेल का?" त्यावर तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "आपण दोघी चेष्टा करू." माझे कान तापले. एवढ्या लोकांत ही बाई माझी चेष्टा करायला निघाली! घरी येऊन यांच्यापुढे तणतणले. आठ दिवसांनी कळलं की बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्यावरून मी कायमची शहाणी व्हायला हवं होतं. झाले नाही, हे पुढे येईलच.

ते माणूस चंद्रावर उतरल्याचे दिवस होते. ट्राममध्ये, मासळीबाजारात, जिथे तिथे चंद्राच्या गप्पा. लोक म्हणत, आता तारे काय, आज ना उद्या तिथेही जाऊ. तुम्हाला त्याचा भारी राग. पहिल्याच रविवारी मला गणित घातलंत: चंद्राला तीन दिवस लागले, त्याच वेगानं सगळ्यात जवळच्या ताऱ्याला किती? मी दोन पानं भागाकार केला आणि उत्तर लाख वर्षांच्या वर गेलं. माझं काहीतरी चुकलं असणार म्हणून पुन्हा केला. तुम्ही वहीवर हात ठेवलात. "चुकलं नाही. तेवढंच आहे. आता बोल."

त्या एका भागाकारातून आपला लेख सुरू झाला आणि तो पाच वर्षं चालला. दर रविवारी तुम्ही एक अडचण काढायचात आणि मी ती मराठीत बसवायचे. इंधनाची अडचण तुम्ही आमच्या क्वार्टर्समध्ये जेवताना काढलीत. हे म्हणाले, पूर्वी लांबच्या बोटी कोळसा वाहायच्या आणि त्यातला कितीतरी कोळसा, कोळसा वाहण्यातच जळायचा. वाटेत बंदरं होती म्हणून निभायचं. तुम्ही घास तसाच हातात धरून म्हणालात, "बघ, इथे वाटेत बंदरच नाही!" तुम्हाला इतका आनंद झाला की आमटी गार झाली. मग वेगाची अडचण. फार जोरात जावं तर वाटेतला धुळीचा कणसुद्धा बंदुकीच्या गोळीसारखा येऊन आदळणार. हळू जावं तर निघालेला माणूस पोचणार नाही. तुम्ही एकेक दार लावत होतात आणि मला मात्र पहिल्यांदाच कुठलंतरी दार उघडल्यासारखं वाटत होतं. भाजी चिरताना माझ्या डोक्यात भागाकार चालायचे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

तिथे कोणी आहे का, यावर मात्र आपलं कधी जमलं नाही. तुमचं म्हणणं, आहेत, नक्की आहेत, फक्त भेट व्हायची नाही. माझं म्हणणं, असते तर एव्हाना हाक ऐकू आली असती. आकाशातून नियमित ठोके येतात म्हणून गाजावाजा झाला होता, तो शेवटी एका जातीचा ताराच निघाला, हे मी तुम्हाला दर महिन्याला ऐकवायचे. तुम्ही पाटीवर हिशेब मांडायचात. इतके तारे, त्यांतल्या इतक्यांना ग्रह, त्यांतल्या थोड्यांवर जीव, त्यांतले थोडे शहाणे, आणि शेवटी ते शहाणे किती काळ टिकतात तो आकडा. शहरात तेव्हा रोज काहीतरी पेटत होतं. तुम्ही खडू उचलला आणि बाहेर गल्लीत धाडकन बॉम्ब फुटला. तुम्ही उठून खिडकी लावलीत आणि म्हणालात, "शेवटच्या आकड्याचं हे असं आहे. तो आपल्याच हातात आहे." पाटीवर ती जागा तशीच रिकामी ठेवलीत.

पुढे एका यानावरून परक्यांसाठी बाई-पुरुषाचं चित्र धाडल्याचं वर्तमानपत्रात आलं. पुरुषानं हात वर केलेला, बाई नुसती उभी. तुम्ही ते कात्रण घेऊन थेट आमच्या घरी आलात. "तिकडच्यांना वाटेल, हिला बोलता येत नाही!" तुमच्या त्या संतापावर आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि मग तुम्हीही हसलात.

आता त्या वाक्याकडे येते.

एका सकाळी तुम्ही मला बसनं सॉल्ट लेकला नेलंत. गंगेचा गाळ उपसून भरलेली ती सपाट जमीन, दूरवर दोन-चार घरं, झाड म्हणून नाही. पदरानं घाम पुसत तुम्ही म्हणालात, "आता समज, एक भलं मोठं यान आहे. हळू जाणारं. आत हजार माणसं, शेती, शाळा, सगळं. शेकडो वर्षं लागणार. निघतात ते वेगळे, पोचतात ते वेगळे. मग मधल्या पिढ्यांचं काय? एवढं तू लिही." हा एकच परिच्छेद तुम्ही सगळा माझ्यावर सोपवलात.

मी मोठ्या हौसेनं लिहिला. पुढच्या रविवारी तुमच्या खोलीत वाचून दाखवला. त्यात हे वाक्य होतं: "मधल्या पिढ्यांचं आयुष्य फुकट जातं, निघणं त्यांनी पाहिलेलं नसतं, पोचणं त्यांच्या नशिबी नसतं, ती माणसं आणि यानातलं सामान यांत फरक राहत नाही."

तुम्ही चश्मा काढून पुसलात. "मराठी छान लिहिली आहेस," म्हणालात. चश्मा पुन्हा लावत म्हणालात, "माझे आजोबा निघाले होते. मी रत्नागिरी कधी पाहिलं नाही." आणि तुमच्या भावजयीला, वहिनींना, चहाचं सांगायला आत गेलात. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. एस्प्लनेडला ट्राम बदलताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी रस्त्यातच कपाळाला हात लावला.

त्यानंतर दोन रविवार मी आले नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती. तिसऱ्या आठवड्यात तुमच्या शाळेच्या शिपायाबरोबर चिठ्ठी आली. एकच ओळ. "मालती, मी अपेक्षा करते आहे. इंदू."

कसली अपेक्षा ते लिहिलं नव्हतं, पण ते मला कोणी सांगायला नको होतं. माफीची! माझंच मन मला खात होतं, त्यामुळे तुमच्या ओळीतला राहिलेला शब्द मीच भरला. आणि माफी मागायला निघालेली मी, मागणी आल्याबरोबर ताठ झाले. राग तर माझ्या नाकावरच असतो. लेखी अपेक्षा करतात म्हणजे काय? मी काय त्यांच्या वर्गातली मुलगी आहे? हे म्हणाले, "अगं, जाऊन तर ये." मी गेले नाही. अडीच महिने गेले नाही, इंदूताई.

मग माझा दात दुखायला लागला. एस्प्लनेडच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. समोर भिंतीवर बंगाली पाटी होती. तुम्हीच शिकवलेली अक्षरं मी गालाला हात लावून एकेक जुळवत गेले. अ, पे, क्षा. अपेक्षा. आणि पुढे 'करुन'. दवाखान्यात कसली अपेक्षा करायची? शेजारच्या बाईंना हिंदीत विचारलं. त्या म्हणाल्या, "लिखा है, इंतज़ार कीजिए।"

बाजारात, बसमध्ये थांबा म्हणायचं तर सगळे 'दाँडान' म्हणतात. हा शब्द माझ्या कानावरून कधी गेलाच नव्हता. तुम्ही अडीच महिने काही मागत नव्हतात. नुसती वाट पाहत होतात.

माझा नंबर आला तेव्हा मी ट्राममध्ये होते. दात तसाच होता. तुमच्या खोलीत आले तर तुम्ही पलंगावर तीन उशांना टेकून बसलेल्या, निम्म्या झालेल्या. तुमचा दमा इतका वाढला आहे हे मला कोणी कळवलं नव्हतं. कळवणार कसं, मी रुसले होते. "आलीस? बस," एवढंच म्हणालात. मी दारातूनच भडाभडा सगळं सांगितलं. पाटी, दात, अपेक्षा, सगळं. तुम्ही आधी ऐकत राहिलात, मग हसायला लागलात, मग हसता हसता खोकला आला आणि वहिनी पाणी घेऊन धावत आल्या.

"अगं, 'वाट पाहते' लिहायचं होतं," तुम्ही म्हणालात. "शब्दच आठवेना. आणि आपण दोघी ताऱ्यांवरच्या लोकांना समजावणार!"

त्यानंतर आपल्याला पाच रविवार मिळाले. अडीच महिने मी माझ्या हातानं घालवले याचं दुःख जायचं नाही, आणि ते जावं असं मला वाटतही नाही. पण ते पाच रविवार तुम्ही मला किती सहज दिलेत! एकदाही बोलून दाखवलं नाहीत. नाही, एकदा दाखवलंत. मी पुन्हा माझा जुना मुद्दा काढला, की असते तर ऐकू आलं असतं. तुम्ही डोळे मिटून पडल्या होतात. तशाच म्हणालात, "अडीच महिने तुझा आवाज नव्हता. म्हणून काय तू नव्हतीस?" वाद तुम्ही जिंकलात. तुमच्या समोर मी ते कबूल केलं नाही, रविवारी सगळ्यांच्या समोर करणार आहे.

त्या वाक्याबद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही. न येण्याची माफी मागितली, वाक्याची नाही. तुमचा श्वास लागत असताना ते उकरून काढणं बरं नाही, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे माझी छाती होत नव्हती.

काल वहिनींनी लेखाची फाईल दिली. पानं सारखी करून, सुतळीनं बांधून. "शेवटचे दोन दिवस हेच वाचत होती," म्हणाल्या. मी तिथेच ते पान काढलं. वाक्य खोडलेलं असेल असं वाटलं होतं. खोडलेलं नव्हतं. समासात तुमच्या पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता, मुलींच्या वह्या तपासताना लिहायचात तसा: "पुरावा?"

वहिनी बघत होत्या म्हणून रडू आवरलं. घरी येऊन आवरलं नाही.

पुरावा मागितलात, तर देते. इंदूताई, ते वाक्य तुमच्याबद्दल नव्हतंच. ते लिहिताना तुमचे आजोबा, तुमचं भवानीपूर, काहीही माझ्या मनात नव्हतं. ते मी माझ्यावर लिहिलं होतं. विशाखापट्टणमला चार वर्षं, कोचीनला तीन, दर वेळी लाकडी खोक्यांवर नाव घालायचं, भांडी गवतात गुंडाळायची आणि यांच्यामागून जायचं. कुठेच पोचायचं नाही. खोक्यांत आणि माझ्यात काय फरक, हे मी कोचीनच्या स्टेशनावर सामान मोजताना मनात म्हटलं होतं. तेच वाक्य इतक्या वर्षांनी कागदावर उतरलं. तेवढाच माझा पुरावा होता, आणि तोही शिळा झालेला. कारण ते लिहिलं तेव्हा मी दर रविवारची वाट पाहणारी बाई झाले होते. हिंदी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवत होते. ती नोकरीही तुम्हीच माझ्या मागे लागून मला घ्यायला लावलीत. सामान काही शिकवत नाही. माझं जुनं वाक्य तुम्ही केव्हाच खोटं पाडलं होतंत आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आणि तुम्ही? तुम्ही मधल्या पिढीत सुखी होतात का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी तुमच्या वतीनं सांगणार नाही. मला माझ्यापुरतं माहीत आहे, तेवढंच मी लिहिणार.

आज दुपारी शाई घेऊन ते वाक्य खोडलं. त्या जागी हे लिहिलं आहे, रविवारी हेच वाचणार आहे: "मधल्या पिढीतल्या माणसांचं काय, हे आम्हाला गणितानं सांगता येत नाही. त्यांतल्या एकीला मात्र मी ओळखत होते. ती वाटेत जन्मली आणि वाटेतच गेली. मी प्रवासाला कंटाळलेली होते. तिच्या शेजारी जागा मिळाली, आणि पोचायची घाई राहिली नाही."

मराठी फार छान नाही. पण खरी आहे. आधीचं मी मागे घेते, इंदूताई. तुम्ही ऐकायला असताना घ्यायला हवं होतं.